पूल टेबलचं खरं काम कापडाखाली असतं

मे महिन्यात नाशिकच्या कॉलेज रोडजवळच्या आमच्या पूल हॉलमध्ये नवं नऊ फुटी पूल टेबल आलं. ते बसवायला दीड दिवस लागला आणि तो दीड दिवस मी रजा टाकून तिथेच बसून होतो. एकदा कापड चढलं की टेबल आतून कसं आहे ते पुढे कित्येक वर्षं कुणाला दिसत नाही, आणि मला तेच पाहायचं होतं. नंतर हॉलमधल्या एका पोराने विचारलं, "दादा, एवढं काय असतं त्यात? चार पाय, कापड आणि सहा पॉकेट, झालं की टेबल." त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहितो आहे.

आधी माप. ‘नऊ फुटी’ हे बोलायचं नाव. खेळायची जागा, म्हणजे एका कुशनच्या (कडेच्या रबरी पट्टीच्या) पुढे आलेल्या नाकापासून समोरच्या कुशनच्या नाकापर्यंत, १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट, म्हणजे दोन चौरस एकमेकांना चिकटवून ठेवल्यासारखे. आपल्याकडच्या पार्लरांत सात किंवा आठ फुटी टेबलंच जास्त, कारण तेवढ्याच जागेत एखादं जास्त बसतं. मोठ्या स्पर्धा मात्र नऊ फुटीवर होतात. लहान टेबलावर हात बसलेला माणूस पहिल्यांदा नऊ फुटीवर आला की त्याचे लांबचे शॉट सगळे चुकतात. माझेही पहिला आठवडाभर चुकले.

आता मुख्य गोष्ट, दगड. टेम्पोतून आधी लाकडी सांगाडा उतरला आणि मग घोंगड्यांत गुंडाळलेल्या तीन फरशा. एकेक फरशी जिन्यावरून आणायला चार माणसं लागली. घोंगडं सोडल्यावर मी हात फिरवून पाहिला. थंडगार, राखाडी आणि बोटाला ओळखीचा वाटणारा बारीक खरखरीतपणा. ही स्लेट म्हणजे आपल्या लहानपणीची पाटीच. ज्या जातीच्या दगडावर आपण श्री गिरवला, त्याच जातीच्या दगडावर जगभरचे पूल आणि स्नूकरचे सामने चालतात.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला इथे एक प्रश्न पडतोच. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण आहे, काळाराम मंदिर त्याच्यावर दोनशेपेक्षा जास्त वर्षं उभं आहे, मग टेबलाला तो का चालत नाही? उत्तर दगडाच्या जन्मात आहे. आपला काळा पाषाण लाव्हा थंड होऊन झालेला. तो कठीण असतो, पण त्याला पापुद्रे नसतात, आणि थंड होताना अडकलेल्या वाफेची भोकं त्यात बऱ्याचदा दिसतात. स्लेट झाली ती बारीक मातीच्या थरांवर जमिनीखाली प्रचंड दाब पडून. त्या दाबाने तिचे कण एकाच दिशेत लोळले, म्हणून छिन्नी लावली की ती पानासारखी सपाट सुटते आणि मग घासून आरशासारखी सारखी करता येते. ती पाणी पीत नाही आणि हवामानानुसार फुगत-आकसत नाही. इटलीच्या लिगुरिया भागातली स्लेट यासाठी नावाजलेली आहे, शिवाय ब्राझील आणि चीनमधूनही ती येते. १८२६ साली लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी बिलियर्डच्या टेबलाला लाकडाऐवजी स्लेट लावली. तेव्हापासून दगड बदललेला नाही.

व्यावसायिक टेबलात ही स्लेट किमान एक इंच जाड असावी लागते. नुसत्या खेळायच्या जागेचा हिशेब केला तरी सव्वादोनशे किलोच्या आसपास दगड होतो आणि कुशनखाली जाणारा भाग धरला की अडीचशेच्या पुढे. सांगाडा, रेल (कुशन धरणाऱ्या कडेच्या लाकडी पट्ट्या), पाय मिळून टेबल चारशे किलोच्या वर सहज जातं. हे वजन उपयोगाचं असतं. ब्रेकला, म्हणजे डावाच्या पहिल्या फोडणाऱ्या शॉटला, कुणी पूर्ण ताकदीने स्टिक मारली तरी टेबल थरथरत नाही, आणि खेळताना कुणी रेलला रेलून उभं राहिलं तरी बॉल जागचे हलत नाहीत.

आमचं जुनं टेबल घेताना विकणाऱ्याने ‘प्रोफेशनल’ म्हणूनच विकलं होतं. तीन पावसाळे गेल्यावर ते मध्यभागी बसायला लागलं. कापड उचकटलं तेव्हा खाली दगड नव्हता, लाकडाच्या भुशाची दाबलेली पाटी होती आणि तिने दमट हवा पिऊन पिऊन पोट सोडलं होतं. आम्ही तोवर त्या खळग्याचा हिशेब धरून खेळायला शिकलो होतो. "खिडकीच्या बाजूने मारताना दोन बोटं बाहेर धर," असं नव्या पोरांना शिकवायचो. ती सवय मोडायला मला अजून त्रास होतो आहे, आणि या गोष्टीचा मला खरोखर राग आहे. चुकीच्या टेबलावर घालवलेली वर्षं हातात राहतात.

लेव्हल किती काटेकोर हवी? जागतिक पूल संघटनेचा नियम असा की स्लेट लांबीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा आणि रुंदीत पाव मिलिमीटरपेक्षा जास्त वर-खाली नसावी. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे आठ फुटांहून जास्त लांबीत पाच कागदांचा फरक चालतो आणि रुंदीत अडीच कागदांचा. शिवाय मध्यभागी ९० किलो वजन ठेवलं तरी स्लेट पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये.

एवढा कीस कशाला काढायचा, असं वाटेल. मी एक साधा हिशेब करून पाहिला. समजा टेबल रुंदीत फक्त एक मिलिमीटर कललेलं आहे. त्यावर आपण लांबीच्या दिशेने एक हळू शॉट मारला, सुमारे सहा फूट जाऊन सहा सेकंदांत थांबणारा. उतारामुळे तो बॉल थांबेपर्यंत जवळपास पाच सेंटिमीटर बाजूला सरकतो. बॉलचा व्यासच ५७ मिलिमीटर आहे. म्हणजे तुम्ही अचूक मारूनही व्हाइट (स्टिकने मारायचा पांढरा बॉल) जवळजवळ एक बॉलभर भलतीकडे जाणार. जोरात मारलेल्या बॉलला उताराकडे वळायला वेळच मिळत नाही, म्हणून जोरात खेळणाऱ्याला खराब टेबल कळत नाही. ते कळतं हळू खेळणाऱ्याला, आणि चांगला पूल बराचसा हळूच खेळला जातो.

म्हणून बसवण्याच्या कामाला दीड दिवस. आमचे मिस्त्री काका मुंबईहून आले होते. त्यांच्या पेटीत गवंड्याची साधी पाणसळ होती, पण ती फक्त सांगाड्यापुरती. स्लेटसाठी त्यांनी लाकडी डबीतून यंत्रशाळेत वापरतात ती नाजूक पाणसळ काढली. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत लेथ किंवा मिलिंग मशीन बसवताना पाहिलेल्यांना ती लगेच ओळखू येईल. सांगाडा आणि दगड यांच्यामध्ये ते पातळ पाचरा सरकवत होते. हातोडी अशी मारायची की आवाजही येऊ नये, मग पाणसळ फिरवून ठेवायची, बुडबुडा थांबेपर्यंत वाट पाहायची, परत पाचर. एका कोपऱ्यासाठी चाळीस मिनिटं गेली. तीन फरशांचे दोन सांधे जुळल्यावर त्यांनी त्यावरून अंगठ्याचं नख आडवं ओढलं. एके ठिकाणी नख अडलं. त्यांनी मला बोलावलं. "या साहेब, हात लावून बघा." मला काहीच लागलं नाही. त्यांनी तिथलेच दोन स्क्रू सैल केले, एक पाचर अगदी थोडी आत ढकलली आणि पुन्हा आवळले. मग सांध्यात वितळवलेलं मेण भरून वरचं मेण पात्याने सपाट खरवडून काढलं. मेण अशासाठी की ते दगडाला धरून राहतं आणि पुढे टेबल हलवायचं झालं तर गरम करून सोडवताही येतं.

आता कुशन. माझ्या मते टेबलातला सगळ्यात हुशार भाग हाच आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही.

कॅरमपासून सुरुवात करू, कारण तो आपल्या सगळ्यांच्या हाताला आहे. कॅरमची सोंगटी चपटी. ती घसरत जाते आणि पूर्ण कडेने फ्रेमला भिडून परत येते. पूलचा बॉल गोल, तो गडगडत जातो आणि कुशनला एकाच बिंदूत टेकतो. तो बिंदू टेबलाच्या कापडापासून किती उंच असावा यावर पुढचं सगळं ठरतं. बॉलचा मध्य २८.६ मिलिमीटरवर असतो. साहजिकच वाटतं की कुशनचं नाकही तिथेच असावं. नियम सांगतो की ते बॉलच्या व्यासाच्या ६३.५ टक्क्यांवर हवं, फार तर एक टक्का वर किंवा खाली. म्हणजे ३६ मिलिमीटरच्या थोडं वर, बॉलच्या मध्यापेक्षा चांगलं पाऊण सेंटिमीटर उंच.

कारण फिरकीत आहे. बॉल कुशनकडे येताना पुढच्या दिशेने गडगडत असतो. त्याला बरोबर मधोमध अडवलं तर तो मागे फिरतो खरा, पण अंगातली फिरकी अजून जुन्याच दिशेची असते. मग तो स्वतःच्या फिरकीशी भांडत घसरत जातो आणि वेग घालवून बसतो. सायकलचं सुटं चाक उभं धरून पाहा. आसाला ढकललं तर ते नुसतं सरकू पाहतं, वरच्या कडेजवळ ढकललं तर सरकतं आणि फिरतंही. कुशन मध्याच्या वर धक्का देतं ते याचसाठी. त्याच धक्क्यात बॉल परतही फिरतो आणि त्याचं गडगडणंही उलटतं. कागदावरच्या गणिताने भरीव गोळ्यासाठी ही उंची व्यासाच्या सात दशांश, म्हणजे ४० मिलिमीटर येते. पण एवढ्या वरून धक्का बसला की बॉल खाली कापडात दाबला जातो आणि जोर जिरतो, म्हणून प्रत्यक्षात नाक थोडं खाली ठेवतात. ते फार खाली गेलं तर उलट बॉल उचलला जातो. आमच्या जुन्या टेबलावर जोरात बँक (कुशनवर आपटवून परत आणायचा शॉट) मारला की बॉल टुणकन उडायचा. आम्ही मारणाऱ्यालाच ओरडायचो, "अरे हळू मार ना." दोष कुशनच्या उंचीचा होता, हे मला नव्या टेबलाची पट्टी मोजताना समजलं.

रबराचीही एक गोष्ट आहे. थर्स्टन यांनीच १८३५ च्या सुमारास रबरी कुशन आणलं, पण ते कच्चं रबर होतं. थंडी पडली की ते कडक व्हायचं आणि खेळण्याआधी गरम पाण्याने शेकावं लागायचं. निफाडकडच्या थंडीत तर त्या कुशनने कामच सोडलं असतं. गंधक घालून भट्टीत पक्कं केलेलं रबर आलं आणि १८४५ मध्ये ते कुशनमध्ये शिरलं, तेव्हा हा त्रास संपला. आज पूलच्या बहुतेक टेबलांना ‘के-६६’ नावाच्या आकाराची रबरी पट्टी असते. तिचा छेद त्रिकोणी असतो आणि त्रिकोणाचं टोक म्हणजे कुशनचं नाक.

ही पट्टी लाकडी रेलला चिकटवलेली आणि रेल बोल्टने स्लेटला आवळलेली असते. बोल्ट सैल असेल तर बॉलचा जोर रेल हलवण्यात जातो आणि उसळी मेल्यासारखी वाटते. हे ओळखायला हत्यार लागत नाही. रेलवर ठिकठिकाणी मुठीने ठोका. सगळीकडे सारखा, भरीव आवाज यायला हवा. एखाद्या जागी बद्द आवाज आला तर तिथला बोल्ट पाहून घ्यायचा. टरबूज विकत घेताना आपण करतो तीच परीक्षा.

रेलवरच्या पांढऱ्या ठिपक्यांना किंवा चौकटींना बरेच जण नक्षी समजतात. ते १८ असतात आणि १२.५ इंचांच्या अंतराने बसवलेले असतात, कारण १०० इंचांचे आठ आणि ५० इंचांचे चार भाग केले की तेवढंच येतं. बँक शॉटचं गणित त्यांच्यावरच बसतं. कुशन किंचित जरी कमी-जास्त उसळलं तरी ते गणित कोसळतं, म्हणून सहाही कुशनची उसळी सारखी असणं हे चांगल्या टेबलाचं मोठं लक्षण मानतात.

पॉकेटकडे वळतो. कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड नियमाने ४.५ ते ४.६२५ इंच. बॉल सव्वादोन इंचांचा, म्हणजे साडेचार इंचात दोन बॉल शेजारी शेजारी नेमके मावतात. मधल्या पॉकेटचं तोंड साधारण अर्धा इंच मोठं असतं, कारण तिथे बॉल तिरका आला की दिसणारी फट लगेच अरुंद होते. अलीकडे काही मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत चार इंची पॉकेट लावतात. मला स्वतःला ते नव्याने शिकणाऱ्यांच्या हॉलमध्ये नको वाटतं. पोरं कंटाळून जातात.

तोंडाच्या मापापेक्षा आत काय आहे ते महत्त्वाचं. कोपऱ्यात कुशन वळतं तो कोन १४२ अंशांचा असतो. तो १३५ असता तर पॉकेटच्या दोन्ही भिंती एकमेकींना समांतर झाल्या असत्या. सात अंश जास्त असल्यामुळे त्या आत जाता जाता जवळ येतात, नरसाळ्यासारख्या. त्यामुळे जोरात आणि थोडा चुकीचा आलेला बॉल दोन्ही भिंतींवर आपटत बाहेर येतो, तर हळू आलेला त्याच चुकीने आत पडतो. शिवाय तोंडापासून प्रत्यक्ष खड्ड्यापर्यंत स्लेटचा जो ओटा राहतो, तो कोपऱ्यात एक ते सव्वादोन इंच खोल चालतो. ओटा जितका खोल, तितकं पॉकेट कडक. दोन टेबलांचं तोंड सारखंच असूनही एकावर बॉल पडतात आणि दुसऱ्यावर पडत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

स्नूकरच्या पॉकेटचे ओठ गोलाकार असतात आणि बॉलही लहान, ५२.५ मिलिमीटरचा. स्नूकर आपल्याच देशातल्या छावणीत, जबलपूरला, १८७५ साली सुरू झाला असं मानतात. १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड स्पर्धा जिंकणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. त्यामुळे स्नूकर-बिलियर्डची टेबलं जाणणारे कारागीर आपल्याकडे जुने आहेत. पूलच्या टेबलाची बारीक मापं मात्र वेगळी आहेत आणि एकाची सवय दुसऱ्यावर चालवून चालत नाही.

कापडातही हा फरक येतो. स्नूकरच्या कापडाला लव असते, हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागते. स्पर्धेच्या पूलचं कापड विंचरलेल्या लांब धाग्यांच्या लोकरीचं, लव नसलेलं. घोंगडी आणि चांगल्या सुटाचं कापड यांत जो फरक, तोच इथे. नियमाने त्यात किमान ८५ टक्के लोकर हवी, उरलेलं नायलॉन. मिस्त्री काकांनी ते इतकं ताणलं की मला वाटलं फाटणार. ताण कमी पडला तर बॉलखाली सूक्ष्म लाट तयार होते आणि टेबल संथ होतं. लोकर हवेतला ओलावा धरते. जुलै-ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर असतो तेव्हा आमच्या हॉलमधला बॉल डिसेंबरच्या मानाने जड चालतो. त्यावर उपाय म्हणजे खिडक्या बंद ठेवणं आणि कापड रोज हलक्या ब्रशने झाडणं. ओल्या फडक्याने पुसणं हा टेबलावर अत्याचार आहे.

उजेडाचं थोडक्यात: टेबलाच्या प्रत्येक भागावर किमान ५२० लक्स, आणि दिवे असे लांबट की बॉलला काळी सावली पडू नये. जागेचं मात्र लोक हमखास चुकतात. स्टिक साधारण ५८ इंची असते. टेबलाच्या चारही बाजूंना एवढी मोकळी जागा सोडली की खोली अठरा फूट बाय चौदा फूट हवी. पाथर्डी फाट्याकडच्या एका मित्राने फ्लॅटच्या हॉलमध्ये नऊ फुटी टेबल घ्यायचं ठरवलं होतं. आम्ही जमिनीवर खडूने चौकट आखली आणि त्याला स्टिक धरून भोवती फिरायला लावलं. तिसऱ्या बाजूला कोपर भिंतीला लागलं आणि त्याने बेत बदलला.

नवं टेबल पाहायला जाणाऱ्याने एवढं करावं. सोबत बॉल न्यावा, व्हाइट अगदी हळू लांबीच्या दिशेने सोडावा आणि शेवटच्या एका फुटात तो वळतो का ते पाहावं. मग तेच आडवं आणि दोन्ही तिरप्या रेषांवर. रेल ठोकून पाहावी. विकणाऱ्याला स्लेटची जाडी विचारावी आणि पॉकेटच्या आत बोट घालून दगडाची कड स्वतः चाचपावी. झिलई, कोरीव पाय, कप ठेवायच्या खाचा यांच्याकडे सगळ्यात शेवटी बघावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री काकांनी व्हाइट टेबलाच्या मधोमध ठेवला आणि डोळा कापडाच्या पातळीला आणून पाहत राहिले. मग तो खालच्या टोकाकडून वरच्या कुशनकडे इतका हळू सोडला की मध्येच थांबेल असं वाटलं. तो कुशनपासून चार बोटांवर थांबला, सोडला त्याच रेषेत. त्यांनी पाणसळ डबीत ठेवली आणि निघताना हॉलच्या मालकांना सांगितलं, "सांगाड्याचं लाकूड नवं आहे, पहिल्या पावसात थोडं बसणार. दिवाळीनंतर एकदा फोन करा, येऊन पुन्हा लेव्हल करून देतो. तोपर्यंत कुणाला टेबलावर बसू देऊ नका."